प्रतिसाद: भाडं येतं हो, पण मधले महिने?

घर भाड्याने देण्यावरच्या मूळ लेखात म्हटलंय की भाडं थकवणारा भाडेकरू ही खरी डोकेदुखी. असेल. पण आमचा इंदूरचा अनुभव सांगतो. भंवरकुआँजवळ आमचा वन-बीएचके आहे, क्लासला येणारी मुलं राहतात. भाडं नियमित. गोची होते परीक्षा संपल्यावर: मुलं गावी जातात, घर दोन-दोन महिने रिकामं, सोसायटीचा मेंटेनन्स मात्र चालूच. वर्षाचा हिशोब 12 नाही, 10 महिन्यांचाच धरा.

दुसरं, वीज. राहत्या घराच्या वरच्या दोन खोल्या आम्ही आधी एकाच मीटरवर दिल्या होत्या. मध्य प्रदेशात महिन्याला 150 युनिटांपर्यंत वापर असला तर पहिली 100 युनिटं 100 रुपयांत पडतात. भाडेकरूने कूलर लावला आणि आमची सवलतही गेली! आता सबमीटर (मुख्य मीटरखालीच त्या खोल्यांचा वापर वेगळा मोजणारा) लावलाय, तरी एकत्र वापर 150 च्या वर जातोच. स्वतंत्र कनेक्शनच घ्यायला हवं होतं.

भाडेकरू घर सोडताना मात्र भिंती बघून घ्या. मागच्या खेपेला कपाट सरकवलं तर मागे हातभर ओल, पोपडे सुटलेले. भाडेकरू मुलगा म्हणतो, "काका, हे आधीपासूनच होतं." फोटो काढलेले नव्हते, काय बोलणार? डिपॉझिट परत केलं.

आणि अशा भिंतींच्या रंगकामाच्या पावत्या आयकरासाठी जपून ठेवू नका. भरलेला मालमत्ता कर वजा करून उरलेल्या भाड्यावर सरसकट 30 टक्के वजावट मिळते, दुरुस्तीला खर्च कितीही होवो.