जॉन डेन्व्हर ऐकायला कुठून सुरुवात करावी?

गिटारवालीची_आई: लेक गिटार शिकतेय. क्लासात पहिलं गाणं आलं ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’, आणि महिनाभर घरात दुसरं काही वाजत नाहीये. आता तिला हे गाणारा अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर याची बाकी गाणी हवीत. माझी गाडी त्या एका गाण्यापुढे जात नाही. सुचवा.

सांजवेळ: डोळे मिटून १९७३ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ अल्बम लावा. त्यातली काही जुनी गाणी त्याने मुद्दाम पुन्हा गायली आहेत. आता आपण जास्त बरं गातो, असं त्याचं मत. ‘लीव्हिंग ऑन अ जेट प्लेन’ लेकीला लगेच जमेल. लिहिलं यानेच, १९६६ मध्ये. पण १९६९ मध्ये पहिल्या नंबरावर नेलं पीटर, पॉल अँड मेरी या गायक त्रिकुटाने.

जुनी_कॅसेट: मी उलट सांगेन. आधी ‘ॲन ईव्हनिंग विथ जॉन डेन्व्हर’ ऐका. १९७४ च्या लॉस एंजेलिसमधल्या मैफलींचं रेकॉर्डिंग आहे. स्टुडिओत तो जरा जास्तच गुळगुळीत वाटतो. इथे लोकांशी गप्पा मारतो, हसतो. त्यातलं ‘रॉकी माउंटन हाय’ नक्की ऐकवा. हे गाणं कोलोरॅडोच्या डोंगरात पाहिलेल्या उल्कावर्षावावरून सुचलेलं. काही रेडिओवाल्यांना मात्र त्यात अमली पदार्थ दिसले! १९८५ मध्ये गाण्यांवर इशाऱ्याची लेबलं लावण्याची चर्चा अमेरिकी सिनेटपुढे आली, तेव्हा त्याने हाच किस्सा सांगून सेन्सॉरशिपला विरोध केला.

गिटारवालीची_आई: लेक विचारतेय, ‘कंट्री रोड्स’मध्ये वेस्ट व्हर्जिनियाला घर म्हणतो, तर तो तिथलाच ना?

जुनी_कॅसेट: छे! जन्म न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलचा, वडील हवाई दलात, त्यामुळे बालपण बदल्यांत गेलं. ‘कंट्री रोड्स’ची सुरुवात बिल डॅनॉफ आणि टॅफी निव्हर्ट या जोडप्याला मेरीलँडच्या रस्त्यावर सुचली. तरी २०१४ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाने ते राज्यगीत केलंच.

खडूस_श्रोता: पण हे कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं ग्रामीण वळणाचं संगीत, नव्हे; पॉप. १९७५ च्या कंट्री पुरस्कारांत विजेता म्हणून याचं नाव असलेला कागद कंट्री गायक चार्ली रिचने स्टेजवरच लायटरने पेटवला होता.

सांजवेळ: लेबलं नंतर लावू हो. ताई, नंतर ‘ॲनीज साँग’ घ्या. बायकोसाठी लिहिलेलं, ॲस्पेनच्या स्की-लिफ्टवर बसल्याबसल्या सुचलेलं. तीनाच्या लयीत आहे, दादऱ्यासारखं मोजायला सांगा.

गिटारवालीची_आई: दादरा म्हटल्याबरोबर आजोबा तबला काढून बसलेत. शेजाऱ्यांचं काही खरं नाही.