यंत्र कुणाचं आणि गोळे कुणाचे?

'यादवीत ज्याचं लढाऊ यंत्र अजस्र, तोच जिंकणार' ही कथेची कल्पना काही पटली नाही. अमेरिकेच्या यादवीत दक्षिणेनं उत्तरेच्याच अर्धवट जळालेल्या 'मेरिमॅक' युद्धनौकेवर लोखंडी चिलखत चढवून 'व्हर्जिनिया' उभी केली. ९ मार्च १८६२ ला ती उत्तरेच्या 'मॉनिटर' या चिलखती नौकेशी तासन्‌तास भिडली, निकाल शून्य! यादवीची गोम हीच, दोन्हीकडे एकाच घरचा माल. शिवाय वजन? जर्मनीचा १८८ टनी 'माउस' रणगाडा बहुतेक पुलांना झेपला नसता. पुण्याच्या संगम पुलावर असा यांत्रिक राक्षस चालवून दाखवा बघू. मला तर खडकीच्या दारूगोळा कारखान्यातल्या फोरमनची कथा वाचायला आवडेल. यादवीतल्या दोन्ही बाजूंचे अधिकारी गोळे मागायला दारात, दोघांकडेही शिक्क्याचे कागद. तो कुणाला देईल?