विषय: गराजच्या हीटरला पांढरा पाइप चालेल का?

मेपल ग्रोव्हहून:

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या एकांकिकेचा सेट यंदा आमच्या गराजमध्ये रंगवायचा ठरलाय. डिसेंबरात तिथे रंग काय, हातसुद्धा हलत नाही. म्हणून छताला टांगायचा गॅस हीटर आणलाय. तासाला 45,000 बीटीयू (उष्णतेचं माप), 80 टक्केवाला, म्हणजे गॅसच्या उष्णतेतली 80 टक्के कामी येते, आत पंखा आहे. गॅसची लाइन परवानाधारक माणूसच टाकेल, धुराचा पाइप मात्र मी स्वतः घालीन म्हणतो. घर गरम करणाऱ्या फर्नेसचा पांढरा पीव्हीसी पाइप भिंतीतून बाहेर गेलाय, तसाच इथे घातला तर? स्वस्तात मिळतोय. नाहीतर पलीकडेच वॉटर हीटरची चिमणी आहे, तिला जोडू का?

ईगनहून:

अरे बाबा, दोन्ही नको!

तुमची फर्नेस 90 टक्क्यांच्या वरची असणार. ती धुरातली उष्णता इतकी पिळून घेते की वाफेचं पाणी होतं आणि बाहेर जाणारा धूर कोमट उरतो. म्हणून तिथे पीव्हीसी निभावतं. तुझ्या 80 टक्केवाल्याचा धूर 300 फॅरनहाइटच्या पुढे निघेल, आणि पीव्हीसी 140 पर्यंतच धड असतं. मग पाइप लोंबणार, सांधा सुटणार, कार्बन मोनॉक्साइड गराजमध्ये. त्याला ना रंग ना वास.

मॅन्युअलमध्ये कॅटेगरी बघ, धुराला कुठला पाइप लागतो ते तिच्यावरून ठरतं. छतातून सरळ वर नेलास तर बहुधा कॅटेगरी वन, म्हणजे दुहेरी पत्र्याचा बी-व्हेंट, लाकडापासून निदान 1 इंच लांब. भिंतीतून आडवा काढलास तर बरेचदा तोच हीटर कॅटेगरी थ्री होतो, कारण पंखा धूर दाबाने ढकलतो. बी-व्हेंटचे सांधे दाब धरत नाहीत. तिथे गॅस्केटवाला स्टेनलेसचाच पाइप लागतो. महाग आहे, पण पर्याय नाही. आणि असा दाबाचा धूर वॉटर हीटरच्या चिमणीत सोडलास तर तो त्याच्या तोंडातून घरात शिरेल.

उताराकडे दुर्लक्ष करू नकोस. फुटाला पाव इंच, आणि कुठल्या बाजूला ते मॅन्युअल सांगेल. माझ्या जुन्या घरी एकाने पाइप अगदी सपाट लावून दिला होता. एक थर्म (गॅसच्या बिलातलं माप) गॅस जळला की जवळपास 4 लिटर पाणी तयार होतं, हे त्याच्या गावी नव्हतं. आडव्या पाइपमध्ये पाणी साचलं, मधल्या सांध्यातून थेंब थेंब गाडीच्या बॉनेटवर. दुसऱ्या हिवाळ्यात सांध्याखाली गंजाचे तपकिरी ओघळ! पाइप उतरवला तर आतून चाळणी झालेली.

परमिट काढ. इन्स्पेक्टर येऊन बघून गेला की मला झोप लागते, तुलाही लागेल.

वुडबरीहून:

काकांचं सगळं पटलं. पण मला वेगळीच काळजी आहे. सेट कशाने रंगवणार रे? मागच्या खेपेला स्प्रेचे डबे आणि थिनर होतं, माझं डोकं दोन दिवस भणभणत होतं. हा हीटर जळायला गराजमधलीच हवा ओढत असेल तर ते सगळं ज्योतीपाशी जाणार ना?

ईगनहून:

ताई, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बरोबर बोललात. शिवाय काही थिनरच्या आणि जुना रंग काढायच्या स्ट्रिपरच्या वाफांनी हीटरचा आतला पत्राही सडतो. यावर सेपरेटेड कम्बश्चन मॉडेल मिळतं. त्याला दोन पाइप, एक बाहेरची हवा आत आणायला, दुसरा धूर सोडायला. तरीही स्प्रे आणि थिनर तिथे नकोच.

धुराचं तोंड उघडणाऱ्या खिडकी-दारापासून 4 फूट लांब ठेवायचं आणि बर्फ कितीही साचला तरी त्याच्या वर.

मेपल ग्रोव्हहून:

डबा अजून फोडला नव्हता, म्हणून हीटर परत केला. दोन पाइपवाला मागवलाय, पण तो तीन आठवड्यांनी येणार. परमिटचा अर्जही भरला. आता सेट कुठे रंगवायचा?

वुडबरीहून:

आमच्या बेसमेंटमध्ये या. फक्त लेटेक्स, म्हणजे पाण्यात मिसळणारा रंग, आणि बूट दाराशीच काढा. कालच कार्पेट धुतलंय.