‘नुसते फोटो काढतात’ म्हणणाऱ्यांसाठी

जुना कारकून
त्रिशंकू यांनी काल लिहिलं : “दहशतवादाविरुद्ध आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे गोल टेबल, हस्तांदोलन, संयुक्त निवेदन आणि फोटो. त्या पैशात दोन ड्रोन घ्या.” त्यावर टाळ्यांचा पाऊस. तिथेच उत्तर लिहायला बसलो, मारुतीचं शेपूट झालं, म्हणून वेगळा धागा.

निवेदनं वाचून डोकं माझंही उठतं. पण खरं काम फोटोत दिसतच नाही. लॉकरबी घ्या. स्कॉटलंडच्या या गावावर बॉम्बने उडवलेलं प्रवासी विमान कोसळलं, २१ डिसेंबर १९८८, २७० माणसं गेली. दोन संशयित लिबियात, आणि तिथला हुकूमशहा गद्दाफी त्यांना देईना. बॉम्ब टाकून झालेच होते हो! अमेरिकेने १९८६ मध्ये त्रिपोलीवर टाकले होते आणि लॉकरबी घडलं ते त्यानंतर. मग १९९२ पासून निर्बंध आले, लिबियाची विमानसेवा बंद पडली, वर्षानुवर्षं घासाघीस चालली. शेवटी निघालेला तोडगा बघा : खटला नेदरलँड्समध्ये, कायदा स्कॉटलंडचा, न्यायाधीश स्कॉटिश, ज्युरी नाही. १९९९ मध्ये दोघेही हाती आले. हे कुठल्या ड्रोनला सुचलं असतं?

दुसरं, एफएटीएफ, म्हणजे दहशतवादाला जाणाऱ्या पैशावर नजर ठेवणारी आंतरराष्ट्रीय संस्था. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ तिच्या करड्या यादीत, म्हणजे जादा देखरेखीखाली, होता. त्याच काळात, फेब्रुवारी २०२० मध्ये, हाफिज सईदला दहशतवादाला पैसा पुरवल्याबद्दल तिथल्याच कोर्टाने शिक्षा दिली. २६/११ च्या सूत्रधारांपैकी साजिद मीर तर मेला असं सांगितलं जात होतं. २०२२ मध्ये तो शिक्षा भोगायला जिवंत झाला. यादीतल्या एका ओळीने मेलेला माणूस उठवला. ड्रोन याच्या उलट काम करतो.

त्रिशंकू
माझ्या चार ओळींसाठी स्वतंत्र धागा, धन्य झालो.

तुमची लॉकरबीची गोष्ट अर्धी आहे, उरलेली मी सांगतो. दोघांपैकी एक निर्दोष सुटला. दुसऱ्याला २००९ मध्ये ‘तीन महिन्यांचा सोबती’ म्हणून दयेपोटी सोडलं, तो २०१२ पर्यंत जगला. जैश-ए-मोहम्मदचा म्होरक्या मसूद अझरचं नाव संयुक्त राष्ट्रांच्या यादीत यायला १ मे २०१९ उजाडला, तोवर चीन दरवेळी ‘तांत्रिक’ हरकत घेऊन बसला. २०२५ मध्ये पहलगामला २६ जण मारले, तर सुरक्षा परिषदेच्या निवेदनातून टीआरएफ या लष्कर-ए-तोयबाच्या पिलावळीचं नावच गायब. आणि त्याच वर्षी पाकिस्तान परिषदेच्या दहशतवादविरोधी समितीचा उपाध्यक्ष! चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. यालाच सहकार्य म्हणत असाल तर म्हणा बापडे.

मीनाक्षी
दोघंही मुळाला हात घालत नाही आहात. दहशतवादी कोणाला म्हणायचं यावरच एकमत नाही. भारताने १९९६ मध्ये सर्वंकष कराराचा मसुदा मांडला, तो अजून व्याख्येतच रुतलाय. एकाचा अतिरेकी तो दुसऱ्याचा स्वातंत्र्यसैनिक, आणि सरकारी फौजांनी केलं तर त्याला काय म्हणायचं? हे सुटत नाही तोवर सगळं वांझोटं.

आणि देशादेशांचं सोडा, एअर इंडियाचं बॉम्बने उडवलेलं कनिष्क विमान आठवा. १९८५, ३२९ जीव. कॅनडाच्या गुप्तचर खात्याने संशयितांच्या संभाषणाच्या टेप स्वतःच पुसल्या, तपास करणारे पोलीस हात चोळत बसले. एकाच देशाची दोन खाती! २००५ मध्ये दोन मुख्य आरोपी सुटले.

अर्धवट वकील
मीनाक्षीताई, कनिष्कबद्दल एकशे एक टक्के सहमत. व्याख्येबद्दल नाही. व्याख्येवाचून गाडी अडत नाही म्हणून तर तुकड्यातुकड्यांनी करार झाले : विमान पळवणं १९७०, बॉम्बस्फोट १९९७, पैसा पुरवणं १९९९. माणूस कोण ते विचारायचंच नाही, कृत्य काय ते विचारायचं. ‘सोपवा, नाहीतर स्वतः खटला चालवा’ हे सूत्र त्यातलंच.

सहकार्याची खरी परीक्षा होते ती दिलेला शब्द पाळताना. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम, त्याला पोर्तुगालने २००५ मध्ये सोपवलं, कारण त्याआधी २००२ मध्ये आपण लिहून दिलं होतं : फाशी नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. पुढे आपण काही जादा कलमं लावली, तर लिस्बनच्या न्यायालयाने प्रत्यार्पणच रद्द ठरवलं. ती कलमं मागे घेण्याची पाळी आली. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की शब्द पाळावा लागेल.

तिखटजाळ
थांबा थांबा. १२ मार्च १९९३ ला २५७ माणसं मेली. त्या कटातला आरोपी २५ वर्षांनी घरी? आणि हे आम्ही *सहकार्य* म्हणून मिरवायचं? कोणी दिला हा शब्द? मला विचारलं होतं?

अर्धवट वकील
तुम्हाला विचारायला हवं होतं, चूक झाली. तेव्हाच्या उपपंतप्रधानांनी दिला, देशाच्या वतीने. दिला नसता तर तो तिथेच राहिला असता आणि आपण इथे निषेधाची पत्रं लिहीत बसलो असतो.

तिखटजाळ
वकिली चलाखी. तुमच्या घरचं कोणी गेलं असतं तर अशी कलमं पाजळली असती का?

अर्धवट वकील
हे लिहिणार नव्हतो. माझे काका त्या दिवशी शेअर बाजाराच्या इमारतीत होते. वाचले, डावा कान गेला. या विषयावर माझं त्यांचं कधीच पटलं नाही. ते म्हणतात, “शब्द तुम्ही दिलात, कान माझा गेला.” यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी मत तेच आहे. उद्या आणखी कोणाला आणायचं असेल तर समोरचा देश आधी सालेमची फाईल बघणार.

तिखटजाळ
काकांना नमस्कार सांगा. आधीची ओळ मागे घेतो. मुद्दा मागे घेत नाही. २६/११ साठी मुंबईची टेहळणी करणाऱ्या हेडलीचं काय? अमेरिकेने त्याच्याशी सौदा केला, ३५ वर्षं दिली आणि भारतात पाठवणार नाही असं वचनही. तिथे शब्द आपल्याविरुद्ध पाळला जातो!

जुना कारकून
पण २०१६ मध्ये त्याची साक्ष व्हिडिओवरून मुंबईच्या कोर्टात झाली. आणि त्याच कटातला आरोपी राणा अमेरिकेतून आला ना, एप्रिल २०२५ मध्ये.

त्रिशंकू
२००८ चा गुन्हा, २०२५ ला आरोपी. सतरा वर्षं! एवढ्यात पोरगं जन्मून बारावी होतं.

नावात काय आहे
सगळे ‘सहकार्य कमी पडतं’ म्हणून रडताय. जास्त झालं की काय होतं ते मला विचारा. माझं नाव कुठल्यातरी यादीतल्या माणसाशी जुळतं. जन्मतारीख वेगळी, बापाचं नाव वेगळं. तरी प्रत्येक प्रवासात मला बाजूच्या खोलीत नेतात. एकदा विमान चुकलं, एकदा बहिणीला पाठवलेले पैसे सात आठवडे अडकले. विचारलं तर ‘दुसऱ्या देशाकडून आलेली माहिती आहे’. कोणत्या देशाकडून? ‘सांगता येत नाही.’ हेच ते तुमचं सहकार्य.

माझं फुटकळ आहे. माहेर अरारचं वाचा. कॅनडाचा नागरिक. कॅनडाच्या पोलिसांनी चुकीची माहिती दिली, अमेरिकेने २००२ मध्ये न्यूयॉर्कला पकडून सीरियात पाठवला, तिथे छळ झाला. २००७ मध्ये कॅनडाने माफी मागून १.०५ कोटी डॉलर दिले. तीन देशांनी मिळून केलेलं काम! एकही फोटो नाही, जुन्या कारकुनांच्या मनासारखं.

तिखटजाळ
सुरक्षेसाठी थोडा त्रास सोसावा लागतो.

नावात काय आहे
थोडा त्रास तुम्ही सोसा की. नाव बदलून घेऊ?

मीनाक्षी
तिखटजाळ, हे वाक्य अशोभनीय होतं. आणि बघा, शेवटी व्याख्येपाशीच आलो. अतिरेकी कोण हे धड ठरत नाही म्हणून यादीत कोणीही बसतो.

अर्धवट वकील
व्याख्या नव्हे ताई, जन्मतारीख. जन्मतारीख नीट बघितली असती तरी पुरलं असतं.

जुना कारकून
नावात काय आहे, तुमचा टोमणा लागला. यादीतून नाव काढून घेण्याची सोय नाव घालण्याइतकीच सोपी हवी, हे मी वर लिहायला हवं होतं.

आता माझंही उघड करतो. परदेशी न्यायालयांना जाणारी विनंतीपत्रं तयार करणाऱ्या एका कचेरीत मी अनेक वर्षं टंकलेखन केलं. एका प्रकरणात फक्त बँकेचे उतारे हवे होते. पत्र गेलं, आठ महिन्यांनी परत : भाषांतर प्रमाणित नाही. प्रमाणित करून पाठवलं, परत : कलम सांगितलंत, पण आरोपीने नेमकं काय केलं ते लिहिलं नाहीत. तिसऱ्यांदा उतारे आले. तोवर आमचा साक्षीदार वारला होता. समोरच्या देशाने अडवणूक केली नव्हती, कागद आमचाच कच्चा होता. चीनला शिव्या घालणं सोपं आहे, त्रिशंकू. ते भाषांतर मी टंकलं होतं.

त्रिशंकू
हे तुम्ही आधी लिहिलं असतं तर एवढा वाद घातला नसता. (घातला असता, पण कमी.) ठीक आहे. दोन ड्रोनऐवजी एक ड्रोन आणि चार चांगले भाषांतरकार. याखाली उतरणार नाही. सुरक्षा परिषदेबद्दलचं मत कायम.

तिखटजाळ
सगळं झालं, पण सालेमची पंचवीस वर्षं कधीपासून मोजायची ते कोणी सांगितलंच नाही.

अर्धवट वकील
१२ ऑक्टोबर २००५ पासून. निकालात आहे, वाचा.

तिखटजाळ
म्हणजे २०३०. तेव्हा हा धागा वर काढीन.