घरात हाक मारली की येतो, मैदानात ढुंकूनही बघत नाही

लॅब्रॅडोर, नर, वय नऊ महिने. बसणं-थांबणं चांगलं जमतं, घरात 'ये' म्हटलं की धावत येतो. मैदानात पट्टा सोडला की मात्र दहा हाका मारा, खाऊ दाखवा, उपयोग शून्य. पकडायला गेलं की पळापळी सुरू. काय करावं?

प्रतिसाद १
आधी पट्टा सोडणं बंद करा. न ऐकता पळण्यात त्याला मजा येते, म्हणजे रोज तोच धडा पक्का होतोय. ५ ते १० मीटरची दोरी घ्या आणि हार्नेसला (छातीभोवती बांधायचा पट्टा) पाठीकडच्या कडीत अडकवा. गळपट्ट्याला नको, पळता पळता दोरी संपली की मानेला जबर हिसका बसतो. दोरी स्वतःच्या हाताला गुंडाळू नका.

'ये' हा शब्द आता वाया गेला, नवा निवडा. दोन-तीन दिवस घरातच शब्द उच्चारला की लगेच खाऊ, तो काही करो वा न करो. एका वेळी दहा-पंधरा वेळा, बस. मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणात, मग दोरीवर रिकाम्या मैदानात आणि सगळ्यात शेवटी लांबवर दुसरा कुत्रा असताना. दहापैकी आठ-नऊ वेळा आला तरच पुढची पायरी. लागोपाठ दोनदा चुकला तर अंतर कमी करा. शब्द एकदाच उच्चारायचा, दहा हाका मारल्या तर पहिल्या नऊ ऐकायच्या नसतात एवढंच तो शिकतो.

प्रतिसाद २
खाऊ दाखवून बोलावणं ही लाच झाली. हात रिकामा दिसला की येणं बंद! खाऊ खिशात ठेवा, आल्यावर काढा. तुकडा वाटाण्याएवढा, पण मैदानात रोजचं कोरडं खाद्य चालत नाही, उकडलेलं चिकन हवं (मीठ, मसाला, कांदा नको). तीन-चार तुकडे एकेक करून द्या, म्हणजे तो जवळ रेंगाळतो. आणि आधी गळपट्टा हातात, मग खाऊ. नाहीतर मान लांब करून तुकडा पळवतो आणि पसार. हा खाऊ जेवणातून वजा करा, लॅब्रॅडोर लठ्ठ व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्नकर्ता
आला की पट्टा लावून थेट घरी नेतो. हे चुकतंय का?

प्रतिसाद १
खरी गोम तीच दिसते. त्याच्या लेखी हाक म्हणजे खेळ संपला. दहापैकी नऊ वेळा गळपट्टा धरा, खाऊ द्या आणि 'जा' म्हणून पुन्हा मोकळं करा. अंघोळ, नखं, औषध यासाठी हाक मारू नका, उठून त्याच्यापाशी जा. उशिरा आला तरी रागावायचं नाही. तुम्ही पळाल्याबद्दल ओरडता, पण ती शिक्षा त्याच्या डोक्यात जवळ येण्याशी जुळते.

प्रतिसाद ३
पाठलाग तर नकोच. उलट दिशेला पळत सुटा किंवा खाली बसून जमीन उकरल्यासारखं करा, बहुतेक कुत्री बघायला येतात. चिकनच हवं असं मात्र नाही, काहींना चेंडू फेकणं जास्त प्रिय असतं.

वयाचाही भाग आहे. सहा महिने ते दीड वर्ष या काळात शिकलेलं विसरल्यासारखं वागतात, म्हणून दोरी काढायची घाई नको. आधी ती हातातून सोडून जमिनीवर लोळू द्या, मग तीच कापून थोडी थोडी आखूड करत न्या. पूर्ण मोकळं सोडणं कुंपणाच्या आतच.