काळा घोड्यावरची व्याख्यानं ठाण्याला का येत नाहीत?

परळकर:
गेल्या महिन्यात दक्षिण मुंबईत काळा घोड्याजवळच्या एका सांस्कृतिक संस्थेत 'मुंबईतले ज्यू निर्वासित' या विषयावर व्याख्यान होतं. वेळ सहाची. ऑफिस सुटल्यावर धावतपळत पोचेपर्यंत साडेसहा झाले. दारावर पहिला प्रश्न, नावनोंदणी केलीय का? नव्हती केली. मागे भिंतीला टेकून ऐकलं.

विषय मात्र झकास होता. हिटलरच्या काळात वाल्टर कौफमान हा संगीतकार प्रागहून १९३४ साली मुंबईत आला, पुढे इथल्या रेडिओ केंद्रात युरोपीय संगीताचा विभाग सांभाळला. आकाशवाणीची ती तंबोरा आणि व्हायोलिनवाली सकाळची धून त्याचीच मानतात. माझे आजोबा त्या धुनेवर दाढीचा साबण फेसायला घ्यायचे. मग वाल्टर लँगहॅमर, मूळ ऑस्ट्रियाचा चित्रकार, बायको ज्यू. इथे 'टाइम्स ऑफ इंडिया'त नोकरी आणि नेपियन सी रोडवरच्या घरी आरा, हुसेन, रझा या चित्रकारांची ऊठबस. श्लेसिंगर या मंडळींची चित्रं विकत घ्यायचा, रूडी फॉन लायडन त्यांच्यावर लिहायचा.

सगळं छान, पण दीड तासात मराठीचा एक शब्द नाही. आणि बेने इस्रायलींना, म्हणजे आपल्या कोकणातल्या मराठी ज्यूंना, वक्त्याने एका वाक्यात गुंडाळलं. ज्यांनी कोकणात पिढ्यानपिढ्या तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून 'शनवार तेली' हे नाव ज्यांना पडलं, ज्यांची आडनावं किहीमकर, चेऊलकर, दिवेकर, त्यांच्यासाठी एक वाक्य!

माझं म्हणणं सरळ आहे. मुंबईत ज्यू संस्कृतीवर बोलायचं तर निदान अर्धे कार्यक्रम मराठीत हवेत आणि काळा घोडा सोडून ठाणे, परळ अशा ठिकाणी हवेत.

फोर्टातला भटक्या:
अहो परळकर, व्याख्यान होतं जर्मन आणि ऑस्ट्रियन निर्वासितांवर, त्यात बेने इस्रायल किती येणार? पंढरपुरावरच्या भाषणात तिरुपती का नाही, असं विचारण्यातला प्रकार झाला हा.

दुसरं, मी कॉलेजात असताना जर्मनांच्या मॅक्स म्युलर भवनात फुकट सिनेमे बघून आणि फ्रेंचांच्या अलियान्स फ्रान्सेजच्या हॉलमध्ये डुलक्या काढून जो काही घडलो तो घडलो. (म्युलरसाहेब स्वतः भारतात कधी आलेच नाहीत, हा आणखी एक विनोद.) या संस्था आपापल्या देशाच्या पैशावर चालतात. तिथे मराठीचा आग्रह आपण कुठल्या हक्काने धरायचा?

आणि काळा घोडा का नको? केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, १८८४ चं, तिथेच आहे. २०१९ मध्ये डागडुजी होऊन पुन्हा निळंशार झालंय. डेव्हिड ससून लायब्ररी, १८७०, चालत पाच मिनिटं. व्याख्यान ऐकून बाहेर पडलं की पुरावा समोर उभा. ठाण्यात काय दाखवणार?

परळकर:
ठाण्यात काय दाखवणार? १८७९ चं सिनेगॉग. आणि जिवंत माणसं. पुरे का?

परळबद्दलही सांगतो. हाफकिन संस्थेच्या फाटकावरून मी रोज जातो. वाल्डेमार हाफकिन, ओडेसाचा ज्यू, पॅरिसच्या पाश्चर संस्थेतून आलेला. प्लेगच्या साथीत भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःलाच टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांना. माझ्या पणजीला त्या काळात चाळ सोडून गावी पळावं लागलं होतं. युरोपातून आलेल्या ज्यूंच्या तुमच्या त्या विषयाचं इतकं घरचं उदाहरण दुसरं नाही. परळच्या एखाद्या शाळेच्या हॉलमध्ये, मराठीत, रविवारी सकाळी ठेवा. खुर्च्या कमी पडतील.

सात रस्ता:
आमच्याकडे जेकब सर्कल आहे, डॉ. ई. मोझेस रोड आहे. सगळा ज्यू इतिहास गिरणगावातच भरलाय राव.

फोर्टातला भटक्या:
अर्धं बरोबर. डॉ. एलायजा मोझेस राजपूरकर बेने इस्रायल होते, १९३७-३८ मध्ये मुंबईचे महापौर. जेकब सर्कलचा जेकब मात्र ल ग्रँड जेकब, इंग्रजी फौजेतला अधिकारी. त्याचा आणि ज्यूंचा काही संबंध नाही.
आता बघा, ही गफलत मराठी व्याख्यानात झाली असती तर टाळ्या पडल्या असत्या. मला भीती त्याची आहे. अभ्यास इंग्रजीत आणि जर्मनमध्ये झालाय, मराठीत आणताना त्याचं कीर्तन होतं.

चरईची मावशी:
कीर्तन झालं तर बिघडलं कुठे? मी ठाण्याची, बेने इस्रायल. आमच्या लोकांनी १८८० च्या सुमाराला खरोखरच कीर्तनं सुरू केली. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं मराठीत, साकी-दिंडीत. माझ्या आईला त्यातली पदं पाठ होती, पोळ्या लाटताना म्हणायची. तेव्हा 'त्याचं कीर्तन होतं' हे जरा जपून.

पण परळकर, तुमच्यावरही माझा राग आहे. दोघंही आमच्या वतीने भांडताय आणि विचारलं कोणी नाही. ससूनची लायब्ररी, ससूनचं सिनेगॉग, ठीक आहे, पण ससून बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेले ज्यू. त्या मंडळींनी १८३६ मध्ये दफनभूमीत आमच्या आणि त्यांच्या कबरींमध्ये भिंत मागितली होती. निळी इमारत दाखवून 'मुंबईचे ज्यू' म्हणता तेव्हा आम्ही त्या भिंतीच्या कुठल्या बाजूला असतो?

आमचं पहिलं सिनेगॉग मांडवीचं, १७९६ चं, सामाजी हसाजी दिवेकरांनी बांधलेलं. आम्ही त्याला मशीदच म्हणायचो. मस्जिद बंदर स्टेशनचं नावही त्यावरूनच पडलं असं आमच्यात सांगतात. तिथे कुठली संस्था कार्यक्रम ठेवते?

आणि ठाण्यात ठेवा म्हणणं सोपं आहे हो. २००८ च्या अतिरेकी हल्ल्यात नरिमन हाउस या ज्यू केंद्रात जे झालं त्यानंतर दारात पोलीस, पिशव्यांची तपासणी. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, तर कधी कधी दहाव्यासाठी फोन फिरवावे लागतात. माझी बहीण, भाचे, दीर सगळे इस्रायलात, लोद आणि अश्दोदला. अशा ठिकाणी दर महिन्याला शंभर अनोळखी माणसं कॅमेरे घेऊन येणार, मागे बसलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढणार. नको.

परळकर:
मावशी, चूक कबूल. विचारायला हवं होतं.
पण भाषेचं? तेही नको?

चरईची मावशी:
भाषेचं तुमचं बरोबर आहे. इस्रायलमध्ये आमची माणसं 'मायबोली' नावाचं मराठी त्रैमासिक काढतात, आणि मुंबईत आमच्यावरचं व्याख्यान इंग्रजीत. माझ्या नवऱ्याला असल्या एका ठिकाणी नेलं होतं. पडद्यावर मलिद्याच्या, म्हणजे आमच्या प्रसादाच्या, ताटाचा फोटो आला, वक्ता त्यावर दहा मिनिटं बोलला. आमचे हे हळूच म्हणाले, पोहे कोरडे दिसतायत, ओलं खोबरं घातलेलंच नाही. वक्त्याला कोणी सांगायचं? हात वर करून इंग्रजीत प्रश्न विचारायची आमची सवय नाही.

फोर्टातला भटक्या:
मावशी, कीर्तनाबद्दल माफी. तरी माझा मुद्दा सोडत नाही: निर्वासितांचा विषय निराळा, तो त्या संस्थांकडेच राहू द्या. कागदपत्रं, पत्रं, सगळं जर्मनमध्ये आहे.

सासवडकर:
सगळं नाही. महायुद्ध सुरू झालं तेव्हा जर्मन पासपोर्टवाले म्हणून इंग्रजांनी ज्यूंनाही शत्रूराष्ट्राचे नागरिक धरलं. काही जण नगरला कैदेत होते, काही कुटुंबं आमच्या पुरंदर किल्ल्यावर. हिटलरपासून पळाले आणि गडावर अडकले. याबद्दल आमच्या तालुक्यात व्याख्यान झालेलं मी तरी ऐकलं नाही. दरवर्षी संभाजी महाराजांच्या जयंतीला गडावर हजारो लोक जमतात, त्यांना हे मराठीत कोण सांगणार?

फोर्टातला भटक्या:
पुरंदरचं मला माहीत नव्हतं. वाचतो.

परळकर:
मावशी, मग हॉल कुठला घेऊ? सिनेगॉग नको हे कळलं.

चरईची मावशी:
माझगावचं सर एली कदूरी हायस्कूल. आमच्याच लोकांनी १८७५ ला सुरू केलेली शाळा, मी तिथे मराठी शिकलेय. शनिवार सोडून कुठलाही दिवस. खोबरं मी आणीन.