चर्चा: थेथचं एकाकीपण डोंगरानं दिलं की १९१३ च्या सीमारेषेनं?

पायपीट:
गेल्या जूनमध्ये उत्तर अल्बानियात वालबोनाहून थेथ या डोंगरी गावाला चालत गेलो. त्या रांगेला तिथले लोक 'शापित डोंगर' म्हणतात. मधली खिंड साधारण १८०० मीटरवर आहे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा उंच. रांगेतलं सर्वांत उंच शिखर येझेर्त्सा, २६९४ मीटर. जून उजाडला तरी घळींमध्ये बर्फ होतं.

थेथमध्ये एक 'कुल्ला' आहे. दगडी, चौकोनी, उभी, घर कमी आणि बुरूज जास्त. खिडक्या बाहेरून तळहाताएवढ्या दिसतात. आत गेल्यावर कळतं की भिंत इतकी जाड आहे की खिडकीत कोपरापर्यंत हात घातला तरी बोटं बाहेर येत नाहीत. ज्याच्यावर रक्ताच्या सुडाची पाळी यायची तो पुरुष इथे कोंडून घ्यायचा आणि गावातली वडीलधारी मंडळी बाहेर तडजोडीची बोलणी करायची. मी तिथे अर्धा तास बसलो. बाहेर ऊन होतं, आत काही दिसत नव्हतं.

पुण्याला परतल्यावर मित्रांशी यावरून कडाक्याचं भांडण झालं, म्हणून इथे मांडतो. माझं म्हणणं असं की कानून (म्हणजे लेका दुकाग्यिनी या पंधराव्या शतकातल्या सरदाराच्या नावानं चालत आलेला तिथला रूढ कायदा), रक्ताचा सूड, 'बेसा' म्हणजे दिलेला शब्द आणि पाहुण्याचा मान, हे सगळं डोंगरानं घडवलं. चुनखडीचा प्रदेश, पाणी खडकात मुरतं, पिकाऊ जमीन दरीच्या तळाला चिमूटभर. हिवाळ्यात खिंडी बंद. खालच्या सपाटीवरचं श्कोदर शहर १४७९ मध्येच तुर्कांच्या ताब्यात गेलं, पण वर शाला आणि शोशी जमातींच्या खोऱ्यांत माणसं पुढची चारशे वर्षं आपल्याच नियमांनी जगली. जिथे सैन्य पोचत नाही तिथे न्यायाधीशही पोचत नाही. १९०८ मध्ये एडिथ डरहॅम ही इंग्रज बाई तिथे गेली, तेव्हा माणसांच्या वस्तीत इतकं भव्य एकाकीपण आपण कुठेच अनुभवलं नाही, असं तिनंही लिहिलं.

जुना खडक:
पूर्ण असहमत. आणि हा मुद्दा मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा लांब लिहितो.

थेथ एकाकी आहे हे श्कोदरकडून येणाऱ्याला वाटतं. थेथच्या माणसाला तसं वाटायचं कारण नव्हतं. त्याच्या घरामागून पेया खिंडीची वाट वर चढायची आणि पलीकडे गुसिन्येच्या (आता मॉन्टेनेग्रोत) बाजारात उतरायची. पूर्वेकडच्या वालबोना आणि त्रोपोयाच्या लोकांचा बाजार ग्याकोवा (आता कोसोव्होत). चीज, लोकर, गुरं घेऊन जायचं, मीठ, कापड, लोखंड घेऊन यायचं. सोयरिकीही तिकडेच.

मग १९१३ मध्ये लंडनला राजदूतांच्या परिषदेत अल्बानियाच्या सीमेची रेघ ओढली गेली. गुसिन्ये पलीकडे, ग्याकोवा पलीकडे. डोंगर अलीकडे राहिला आणि त्याचे बाजार परदेशात गेले. त्याच्या आधी, १८७८ च्या बर्लिन करारात प्लाव आणि गुसिन्ये मॉन्टेनेग्रोला दिले गेले तेव्हा डोंगरी लोक बंदुका घेऊन का उभे राहिले? एका गावापुरता विचार करणाऱ्या, जगापासून तुटलेल्या माणसांचं हे लक्षण नाही. १९४८ मध्ये अल्बानिया आणि युगोस्लाव्हियाचं फाटलं आणि राहिलेली वाटही गेली. कम्युनिस्ट हुकूमशहा एन्व्हर होजाच्या राजवटीत परवानगीशिवाय सीमा ओलांडणं म्हणजे देशद्रोह. ज्या पायवाटेनं आजी माहेरी जायची, त्याच वाटेवर नातवाला गोळी लागू शकत होती.

आणि सैन्य पोचत नव्हतं म्हणता, तर जमातीच्या प्रमुखाला 'बायराकतार' का म्हणतात? बायराक म्हणजे निशाण. तुर्की सुलतानाच्या लढाईला निशाणाखाली माणसं घेऊन जायचं, बदल्यात आपल्या खोऱ्यात आपला कायदा. हा सरळ सौदा होता. डोंगर जिंकता आला नाही म्हणून नव्हे, असा ठेवणं परवडत होतं म्हणून तो तसा ठेवला गेला.

पायपीट:
बाजाराचा मुद्दा मला माहीत नव्हता, मान्य. पण तो सौदा करायची पाळी सुलतानावर का आली? श्कोदरच्या सपाटीवरच्या शेतकऱ्याशी असा सौदा कुणी केला नाही. डोंगर मधे होता म्हणूनच ना?

नदीकाठ:
होजाच्या काळातही डोंगर तिथेच होता. तरी सूड थांबले. १९९१ ला राजवट कोसळली आणि सूड परत आले, १९९७ ला फसव्या ठेवींच्या योजना बुडून राज्यच मोडलं तेव्हा शस्त्रागारं लुटली गेली आणि घरोघरी बंदुका पोचल्या. श्कोदर शहरात, सपाटीवर, कुटुंबं घरात कोंडून बसली, मुलांचं शाळेत जाणं बंद झालं. डोंगर हे कारण असतं तर शहरात असं झालं नसतं.

पायपीट:
ती शहरातली कुटुंबं डोंगरातून उतरलेलीच होती. पंचेचाळीस वर्षं सरकारनं धाकात ठेवूनही आजोबांचं वैर कुणाशी होतं हे घरात माहीत होतं. याला काय म्हणाल?

कलम_वाचणारी:
मी कायद्याची विद्यार्थिनी आहे. या धाग्यात कानून म्हणजे सूड, असं समीकरण होऊन बसलंय, त्याला माझा विरोध आहे.

श्त्येफन ग्येचोवी या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं गावोगाव फिरून हे नियम टिपले. १९१३ पासून ते नियतकालिकात येऊ लागले, १९२९ मध्ये त्यांचा खून झाला, आणि पुस्तक निघालं १९३३ ला. बारा भाग, १२६२ कलमं. त्यात कुंपण, पाटाचं पाणी, गुरं, गिरणी, लग्न, साक्ष, सगळं आहे. खुनानंतर काय करायचं याचीही शिस्त आहे. आधी २४ तासांची बेसा, म्हणजे तेवढा वेळ सूड न घेण्याचा शब्द. त्या मुदतीत मारणारा स्वतः मृताच्या अंत्यविधीला जातो, मृताच्या घरी जेवतो, आणि त्याच्या अंगाला कुणी हात लावत नाही. नंतर गावानं मध्यस्थी केली तर तीस दिवसांची बेसा. बाईला मारणं म्हणजे स्वतःची अब्रू घालवणं. ही अराजकाची भाषा नाही. सूड भडकत जाऊ नये म्हणून घातलेले हे बांध आहेत.

पण त्याच कानूननं मुलीला वारसा दिला नाही, हेही लिहायलाच हवं. घरात पुरुष उरला नाही तर एखादी मुलगी आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेऊन पुरुषाचे कपडे घालायची, मगच ती घराची कर्ती. पाहुण्याच्या मानाबद्दल भरभरून बोलणाऱ्यांनी पाहुण्यासाठी पहाटे भाकरी कुणी थापली तेही विचारावं. मक्याचीच भाकरी असते तिथे.

पायपीट:
हे वाचून थांबलो. मी जिथे उतरलो होतो तिथे जेवण आजींनी वाढलं आणि आमच्याशी गप्पा मारायला बसले ते घरातले पुरुष. मला ते तेव्हा खटकलं नाही.

म्युनिकवासी:
माझ्या कामावर एक सहकारी ग्याकोवाजवळचे आहेत. त्यांच्याकडून पहिल्यांदा ऐकलेली एक घटना दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावी. १९९० मध्ये, तेव्हा युगोस्लाव्हियात असलेल्या कोसोव्होत, लोककथांचे अभ्यासक आन्तोन चेत्ता आणि तुरुंगातून सुटलेले तरुण विद्यार्थी घरोघर गेले. ज्यांच्या घरातला माणूस मारला गेलाय त्यांच्या उंबऱ्यावर बसून 'रक्त माफ करा' म्हणून विनवलं. १ मे १९९० ला वेरात ए ल्यूकस नावाच्या जागी लाखोंच्या संख्येनं लोक जमले आणि एकेका कुटुंबानं सर्वांसमोर हात पुढे केला. त्या मोहिमेत शेकडो वैरं मिटली.

त्या वेळी राज्य त्यांच्या बाजूचं नव्हतं, उलट पोलिसी दडपण होतं. म्हणजे राज्य नसलं की सूड येतोच, हेही पूर्ण खरं नाही. आणि माफी दिली गेली ती कानूनमधल्याच रीतीनं, मानाच्या भाषेत. माझे सहकारी तेव्हा बारा वर्षांचे होते. आपल्या काकांनी हात पुढे केला तेव्हा तो थरथरत होता, एवढंच ते सांगतात. पुढचं ते बोलत नाहीत.

जुना खडक:
हे मला माहीत होतं तरी माझ्या मांडणीत आलं नाही. आभार. मी माणसं बाजूला ठेवून नुसत्या सीमा आणि करार मोजत होतो.

एक भर घालतो. प्लाव, गुसिन्ये, थेथ, वालबोना, सगळ्यांना जोडणारी १९२ किलोमीटरची पदभ्रमणाची वाट आता आखली आहे. अल्बानिया, कोसोव्हो, मॉन्टेनेग्रो, तिन्ही देशांतून जाते. सीमा ओलांडायचा परवाना आधीच काढून चालता येतं. पाठीवर लोकरीऐवजी सॅक असलेली माणसं त्याच खिंडी ओलांडतायत, आणि थेथच्या घरांना त्यातूनच उत्पन्न आहे.

पायपीट:
माझं मत मी अर्धं मागे घेतो. एकाकीपण डोंगराचं, असं आता म्हणणार नाही. पण डोंगर काहीच करत नाही, हेही मला मान्य नाही, आणि त्याचं कारण मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी उतरलो होतो त्या घराच्या मागे गुडघाभर उंचीचा दगडी गडगा होता. आजींनी हातानं दाखवून सांगितलं, नातू इंग्रजीत सांगत होता. सहकारी शेतीच्या काळात तो गडगा पाडून सगळं एक केलं होतं. १९९१ नंतर सरकारचा कायदा आला की जमीन माणशी सारखी वाटा. खोऱ्यात कुणी तो पाळला नाही. म्हातारी माणसं शेतात गेली, पायानं दाखवत गेली की इथून इथवर आपलं, आणि तरुणांनी तेच दगड उचलून त्याच रेषेवर पुन्हा रचले. शेजारच्यांनीही तसंच केलं. वाद फक्त एका अक्रोडाच्या झाडावरून झाला. ते रेषेवरच वाढलं होतं.

मी विचारलं, मग ते झाड कुणाचं ठरलं? नातवानं विचारलं, आजी हसल्या. यंदा त्यांचं, पुढच्या वर्षी आमचं.